टेबलाच्या रकान्यातला '१'

मी एका हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीवर आहे, लेपर्सन म्हणून, म्हणजे डॉक्टर नाही, वकील नाही, संशोधक नाही, तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. माणसांवर औषधाची चाचणी करायची किंवा लोकांच्या तब्येतीचा अभ्यास करायचा तर आधी अशा कमिटीची परवानगी लागते. चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की कमिटीत कमीत कमी ७ जण हवेत, निम्मे त्या संस्थेच्या बाहेरचे हवेत आणि त्यात एक तरी साधा माणूस हवा. तो साधा माणूस म्हणजे मी.

तर एका मीटिंगला सिकलसेल, म्हणजे आईवडलांकडून येणारा रक्ताचा आजार, असलेल्या मुलींच्या अभ्यासाचा शेवटचा रिपोर्ट आला. अभ्यास चांगलाच होता, डॉक्टरांची तळमळ दिसत होती, नावं सगळी काढलेली, पत्ते काढलेले, फोटो नाहीत. शेवटी एक टेबल होतं. गाव, वयोगट, पॅटर्न कुठला, लग्नाचं काय झालं. आणि एका रकान्यात लिहिलं होतं, १. म्हणजे त्या गावात २० ते २४ वयाची, एसएस पॅटर्नची म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेली, लग्न ठरून मोडलेली अशी एक मुलगी. गाव हजार-बाराशे वस्तीचं. तिथल्या कुणालाही विचारा, हातातलं काम न थांबवता नाव सांगतील. आणि लग्न का मोडलं हे गावाला आत्तापर्यंत माहीत नसेल तर आता त्या टेबलावरून कळणार.

मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं की नाव खोडणं आणि ओळख पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं, तज्ज्ञांना विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि जे कळलं ते इथे सांगतेय, कारण आज ना उद्या आपल्या प्रत्येकाच्या दारात कुणीतरी फॉर्म घेऊन येणार आहे आणि त्यावर "आपली माहिती गुप्त ठेवली जाईल" हे एक वाक्य असणार आहे.

या बाबतीतली सगळ्यात गाजलेली गोष्ट अमेरिकेतली आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम बघणाऱ्या संस्थेने नव्वदच्या दशकात त्यांच्या दवाखान्याच्या नोंदी संशोधकांना दिल्या, नाव पत्ता वगैरे काढून. राज्याचे गव्हर्नर होते विल्यम वेल्ड, त्यांनी लोकांना सांगितलं की काळजी करू नका, खाजगीपणाला धक्का लागणार नाही. तेव्हा लतान्या स्वीनी नावाची एक विद्यार्थिनी एमआयटीत शिकत होती. तिने २० डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली, कारण गव्हर्नर तिथेच राहायचे हे सगळ्यांना माहीत होतं. यादीत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होता, आणि दवाखान्याच्या नोंदींमध्येही तेच तीन होते. गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे शहरात ६ जण निघाले, त्यातले पुरुष ३, आणि त्यांच्या पिनकोडात राहणारा फक्त एक. म्हणजे कुठलं कुलूप तोडलं नाही, काही चोरलं नाही, दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि खुद्द गव्हर्नरांचा दवाखान्याचा कागद हातात आला. पुढे तिने १९९० च्या जनगणनेवरून हिशोब मांडला की फक्त या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली ८७ टक्के माणसं एकेकटी ओळखू येऊ शकतात. नंतर दुसऱ्या एका संशोधकाने मोजलं तेव्हा तो आकडा ६३ टक्के आला, तरी निम्म्याहून जास्तच ना.

आपल्याकडे हेच जसंच्या तसं होणार नाही. आपल्या मतदार यादीत जन्मतारीख नसते, वय असतं. आणि जन्मतारखेचं म्हणाल तर आमच्या आधीच्या पिढीत कितीतरी लोकांची कागदावरची तारीख १ जूनच आहे, शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी तीच टाकायचे, त्यामुळे १ जूनवरून माणूस शोधायचा म्हटलं तर आख्खा घोळका उभा राहील. पण आपल्या यादीत वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, घर नंबर असतो, आडनाव असतं, आणि आडनाव अधिक गाव म्हटलं की बऱ्याचदा जात कळते, भावकी कळते, वाडी कळते. शिवाय आपल्याकडे यादीची तरी काय गरज, पारावर बसलेले चार जण पुरतात. कुणाला जुळी झाली, कोण सूतिकेत दगावली, कोण पुण्याला जाऊन डायलिसिस करतं हे सगळ्यांना ठाऊकच असतं. म्हणून परदेशातल्या फॉर्मवरून उचललेली 'हे-हे काढून टाका'ची यादी आपल्याकडे पुरत नाही असं माझं ठाम मत झालंय. इथे ओळख पटवायच्या खुणा वेगळ्या आहेत.

मग करायचं काय? त्यात मला सगळ्यात आधी पटलेली कल्पना म्हणजे घोळक्यात लपणं. तिला के-अनॉनिमिटी असं नाव आहे, तीसुद्धा स्वीनी यांनीच पुढे आणली. त्यातला 'के' म्हणजे एक आकडा, समजा ५. नियम असा की टेबलात किंवा फाईलमध्ये वरवरच्या खुणांवरून बघितलं तर प्रत्येक माणसासारखी दिसणारी अजून निदान ४ माणसं त्यात असलीच पाहिजेत. नसतील तर खुणा ढोबळ करायच्या, २३ वर्षं लिहिण्याऐवजी २० ते २९ लिहायचं, गावाऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्र लिहायचं, तरी नाही जमलं तर तालुका. माहितीची धार थोडी जाते पण माणूस झाकला जातो.

यातही भोकं आहेत. समजा घोळका पाचाचाच आहे पण त्या पाचही जणांना एचआयव्ही आहे, मग तू त्या पाचातला कुठला हे कळायची गरजच उरली नाही, तू त्या घोळक्यात आहेस एवढं कळलं की झालं. दुसरं भोक वजाबाकीचं. आमच्या त्या रिपोर्टमध्ये डॉक्टरांनी लगेच '१' पुसून तिथे 'पाचपेक्षा कमी' लिहून आणलं, पण खाली बेरीज तशीच होती, २३. बाकीचे रकाने मिळवले की २२. चौथीतलं पोरगंसुद्धा सांगेल. मग बेरीजही झाकावी लागली, गावं एकत्र करावी लागली, टेबल तिसऱ्यांदा आलं तेव्हा कुठे पास झालं. यात वेळ गेला पण मला तो वेळ वाया गेला असं अजिबात वाटत नाही.

आता कोडिंग. तुम्हाला सांगतात की तुमच्या नावाऐवजी नंबर टाकू. हे चांगलंच आहे, पण पुढचा प्रश्न विचारायचा की नंबर कुणाचा हे सांगणारी यादी कुठे आहे? ती असेल तर ओळख परत लावता येते, आणि ती जाळून टाकली असेल तर नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे दोन प्रकार वेगळे केलेत. वरवर वाटतं की जाळूनच टाकावी, पण थांबा. तुमच्या रक्तात अभ्यासाच्या निमित्ताने काहीतरी गंभीर सापडलं, वेळेत उपचार केले तर बरं होणारं, आणि यादी जाळलेली असेल तर तुम्हाला सांगायला कोणी येऊच शकत नाही. म्हणून कधी यादी ठेवावी लागते, फक्त ती वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाकडे, पासवर्डखाली, आणि कधीपर्यंत ठेवणार त्याची तारीख ठरवून. नंबर आणि नावं एकाच लॅपटॉपवर असतील तर कोडिंगला काही अर्थ नाही.

यादी कायमची तोडल्याचं मोठं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, ज्याला सगळे एनएफएचएस म्हणतात, ते मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था बघते. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत एक लाखाहून जास्त लोकांच्या रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर घेऊन एचआयव्हीसाठी तपासले. कार्डावर नाव नाही, फक्त बारकोड. आणि नाव-पत्त्यापर्यंत नेणारे दुवे नष्ट केल्यावरच तपासणीचे निकाल बाकीच्या माहितीला जोडले, त्यामुळे सरकारने ठरवलं असतं तरी अमुक घरातला अमुक पॉझिटिव्ह आहे हे शोधता आलं नसतं. याची किंमतही होती, ज्यांचं रक्त घेतलं त्यांना स्वतःचा निकाल कळला नाही, स्वतःचं जाणून घ्यायचं असेल तर सरकारी केंद्रात जाऊन फुकट तपासणी करून घ्या असं त्यांना सांगितलं जायचं. पण एवढी खात्री दिली म्हणून एवढ्या लोकांनी बोट पुढे केलं, आणि त्याआधी फक्त दवाखान्यात आलेल्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाचे पेशंट अशांवरून अंदाज बांधत होते तो किती फुगलेला होता हे समोर आलं. या सर्व्हेचे आणि वाढवलेल्या तपासणी केंद्रांचे आकडे मिळून २००७ मध्ये देशातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज सुमारे ५७ लाखांवरून २५ लाखांवर आला. खाजगीपणा जपला की संशोधन अडतं असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

याच सर्व्हेतली दुसरी गोष्ट मला त्याहून जास्त भावते. घरात मारहाण होते का, हे प्रश्न त्यात असतात. ते एका घरातल्या एकाच बाईला विचारतात, घरात लायक अशा तीन बायका असल्या तरी चिठ्ठी टाकल्यासारखी एक निवडतात. का? कारण जावेलाही तेच प्रश्न विचारले तर संध्याकाळपर्यंत घरात सगळ्यांना कळणार की हिला काय विचारलं होतं, आणि मग हिने काय सांगितलं असेल याचा हिशोब घरातली माणसं रात्री करणार. आणि बाई एकटी असेल तरच विचारायचे, कोणी आलं की विषय बदलायचा, एकांत मिळालाच नाही तर तो भाग सोडून द्यायचा. प्रश्न सुटला तरी चालेल पण ती बाई मार खाता कामा नये. मला वाटतं या एका नियमात सगळं आलं. कम्प्युटर, पासवर्ड हे नंतरचं, आधी ओसरीवर कोण बसलंय ते बघायला पाहिजे. आपल्या घरांमध्ये भिंती पातळ असतात, दार लावून बोलणं हेच संशयाचं कारण होतं, सासूबाई पाणी घेऊन येतात आणि तिथेच बसतात. हे ज्या सर्व्हेवाल्या ताईला हाताळता येतं तिचं कसब मोठं.

आणि नकाशाचंही सांगते, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. अशा सर्व्हेमध्ये गावांची जागा जीपीएसने नोंदवतात, पण अभ्यासकांना फाईल देताना ती जागा मुद्दाम सरकवतात, शहरात २ किलोमीटरपर्यंत, खेड्यात ५ किलोमीटरपर्यंत, आणि खेड्यातल्या शंभरातल्या एखाद्या जागेला १० किलोमीटरपर्यंत, कुठल्या दिशेला ते ठरलेलं नाही. त्यामुळे नकाशावर ठिपका दिसला तरी तो तुमच्या गावाचाच असेल असं छातीठोक म्हणता येत नाही, आणि तरीही दुष्काळी पट्ट्यात बाळांची वजनं कमी आहेत का असल्या प्रश्नांना तो ठिपका पुरतो.

अशी मुद्दाम मिसळलेली चूक हा या सगळ्यातला माझा आवडता भाग आहे. १९६५ मध्ये स्टॅनली वॉर्नर नावाच्या अभ्यासकाने लोकांना लाजिरवाणे प्रश्न विचारायची एक युक्ती मांडली, तिचं नाणं घेऊन केलेलं सोपं रूप असं. समजा विचारायचंय, "तुम्ही कधी टीबीची औषधं मधेच सोडलीत का?" तुम्ही माझ्याकडे पाठ करून नाणं उडवा. छापा आला तर खरं उत्तर द्या, काटा आला तर काहीही असो, "हो" म्हणा. आता तुम्ही "हो" म्हणालात तर मला कळणारच नाही की खरंच सोडली होती की काटा पडला होता, तुमच्यावर बोट ठेवायला जागा नाही. पण १००० माणसांना विचारलं आणि ६२० "हो" आले, तर साधारण ५०० हो काट्याचे, उरले १२०, ते छाप्याच्या ५०० मधले, म्हणजे २४ टक्के लोकांनी औषधं सोडलीत. एकाचंही गुपित न कळता सगळ्यांचं मिळून सत्य कळलं! मी हे दहावीच्या मुलांना करून दाखवलंय, अभ्यासात कॉपी केली का असा प्रश्न घेऊन, आणि मुलं अगदी खुशीत खरं बोलली. आज मोठमोठ्या डेटामध्ये डिफरन्शियल प्रायव्हसी नावाने जे वापरतात, अमेरिकेने २०२० च्या जनगणनेतही वापरलं, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे, आकड्यांमध्ये मोजूनमापून थोडा गोंधळ मिसळायचा, इतकाच की एक माणूस यादीत असला काय नसला काय, उत्तर जवळपास तेच यावं.

पण जनुकांचं प्रकरण आलं की घोळकाही अपुरा पडतो. डीएनए ढोबळ करता येत नाही, त्यात २० ते २९ असा गट नसतो. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की निनावी म्हणून जाहीर केलेल्या डीएनएमधल्या वडलांकडून मुलाकडे जाणाऱ्या भागावरून, वंशावळीच्या फुकट वेबसाईटवर शोधून आडनाव काढता येतं, आणि आडनाव, वय, राज्य यावरून त्यांनी जवळपास ५० माणसं ओळखून काढली. त्यात डीएनए एकट्याचा नसतोच. तुम्ही सही केली तरी तुमच्या भावाचं, मुलीचं, अजून न जन्मलेल्या नातवाचं काहीतरी त्यात गेलेलं असतं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

आणि आख्ख्या समाजाचंही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये हवासुपाई नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्यात डायबेटिस फार, म्हणून १९९० पासून अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी त्यांचं रक्त घेतलं. लोकांना वाटलं आपल्या डायबेटिससाठी देतोय. पुढे कळलं की त्याच रक्तावर स्किझोफ्रेनियाचा अभ्यास झाला, जवळच्या नात्यात लग्नं होतात का त्याचा झाला, आणि तुमचे पूर्वज आशियातून चालत आले असंही त्यावरून लिहिलं गेलं, जेव्हा त्यांची श्रद्धा अशी की आपण त्या दरीतच जन्मलो. कोणाचंही नाव छापलं नव्हतं. तरी दुखावला तो समाज. खटला चालला, २०१० मध्ये तडजोड झाली, ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर मिळाले आणि उरलेलं रक्त परत दिलं गेलं. मला हे वाचताना आपला गडचिरोली, नंदुरबार आठवतं. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन २०२३ मध्ये सुरू झालंय, तेव्हा ७ कोटी लोकांची तपासणी करायचं लक्ष्य ठरलं, आणि ती व्हायलाच हवी, दोघंही एएस पॅटर्नचे, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण आजार पुढे देऊ शकणारे, अशा जोडप्याला दर बाळंतपणात एसएस बाळ होण्याची शक्यता २५ टक्के असते हे लोकांना कळलंच पाहिजे. पण "त्या समाजात असतंच ते" असं एकदा पसरलं की ज्याची तपासणी निगेटिव्ह आहे त्या पोरीचंही लग्न अडतं. म्हणून रक्त कशासाठी घेतलं, उरलेल्याचं काय करणार, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार असाल तर परत विचारणार का, हे फॉर्मवर वेगवेगळ्या चौकोनात असावं, एकाच सहीत सगळं गुंडाळू नये.

कायद्याचं थोडक्यात. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. २०१७ चाच एचआयव्ही-एड्स कायदा, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यात लेखी संमतीशिवाय, मोजके अपवाद सोडले तर, कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करता येत नाही. २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा आहे, पण त्यात संशोधन आणि आकडेवारीच्या कामाला सूट आहे, अट अशी की त्या माहितीवरून एखाद्या ठराविक माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. मला ही सूट जरा जास्तच मोकळी वाटते, म्हणूनच कमिटीने डोळ्यात तेल घालून बसायला हवं. एक बारीक नियम मात्र मला फार शहाणपणाचा वाटतो. नव्या रसायनाच्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातल्या माणसाची संमती घेताना व्हिडिओ काढावा लागतो, नंतर कोणी जबरदस्ती केली असं व्हायला नको म्हणून. पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांच्या चाचणीत फक्त आवाज रेकॉर्ड करायचा, चेहरा नाही. ज्याने कुणी हे सुचवलं त्याने नक्की कधीतरी अशा पेशंटशेजारी बसून बघितलं असणार.

आता दारात फॉर्म आला तर काय विचाराल? हे कशासाठी, कोण बघणार, नावांची यादी कुठे आणि कधीपर्यंत, रक्त उरलं तर काय, मधेच नाही म्हणालो तर चालेल ना आणि माझे चालू उपचार थांबणार नाहीत ना. कमिटीचा फोन नंबर संमतीपत्रावर असतो, नसेल तर मागा. फॉर्मची एक प्रत तुमच्याकडे राहायला हवी, पण घरात कोणी वाचू नये असा विषय असेल तर ती घ्यायला नकारही देता येतो, हे ताईने आपणहून सांगायला हवं.

आणि एक गोष्ट, जी आमच्याकडे एका नर्सताईंमुळे लक्षात आली. गरोदर बायकांच्या एका अभ्यासात तपासणीचे निकाल मेसेजने कळवायचे ठरलं होतं, सगळं व्यवस्थित, कोड नंबर, कुलूपबंद यादी, सगळं. त्या ताई म्हणाल्या, अहो पण बायकांनी दिलेले नंबर बघा, निम्मे नवऱ्याचे आहेत, काही सासऱ्यांचे, एक तर शेजारच्या किराणावाल्याचा आहे. आम्ही सगळे गप्प झालो. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक फॉर्मवर नंबराच्या रकान्याखाली अजून एक ओळ असते, हा फोन कोणाकडे असतो, आणि निरोप द्यायचा तर फोनवर, की तुम्ही पुढच्या वेळी याल तेव्हा एकटीला भेटून?